मोकल सरांचा काना

"याला बटणं म्हणतात?" मोकल सरांनी विचारले आणि कंपनीच्या त्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर मधले बोट असे आपटले की शेजारचा पाण्याचा ग्लास हलला. "ही बटणं नाहीत, प्रणिता. हे पाण्यात भिजलेले पापड आहेत. मारलं की नाही मारलं, बोटाला कळायला नको?"

प्रणिता ही सरांची जुनी विद्यार्थिनी. पेणला सरांच्या क्लासात टायपिंग शिकली आणि रोह्याच्या एका रसायनांच्या कंपनीत मॅनेजरसाहेबांच्या ऑफिसात चिकटली. तिनेच सरांना बोलावून घेतले होते. मॅनेजर हैबतरावसाहेब शनिवारी निवृत्त होणार, त्यांना मराठीत मानपत्र द्यायचे, आणि ते या लॅपटॉपवरच टाइप करायचे असा नव्या साहेबांचा हुकूम होता. टाइपरायटर सगळे गोदामात गेले होते.

"सर, नव्या साहेबांना बारा क्लार्कना यावर मराठी टायपिंग शिकवायचंय," प्रणिता हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या समोरच्या कॉम्प्युटर सेंटरवाल्यानंही अर्ज केलाय. मी तुमचं नाव पुढं केलं. साहेब म्हणाले, तुझ्या सरांना मानपत्र करू दे. कसं होतं बघू, मग ठरवू."

हे ऐकून सरांनी ग्लासातले पाणी एका दमात संपवले. कारण पेणच्या मोकल टंकलेखन वर्गात त्या साली, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, तीन विद्यार्थी उरले होते. त्यांतला एक उन्हाचा बसायला यायचा. बारा जण आले तर क्लास चालणार, नाही आले तर दिवाळीनंतर कुलूप. इतका सरळ हिशेब होता. पण सरळ हिशेब सरळ तोंडाने मान्य करील तो मोकल सर कसला!

"बघू," सर म्हणाले. "माझ्या हाताखाली आलं की यंत्र आपोआप सुधारतं."

दत्तात्रेय मोकल या माणसाला बावीस वर्षे एकाच गोष्टीचा गर्व होता. क्लासाच्या पाटीवर नावाखाली लाल रंगात लिहिलेले होते : 'काना-मात्रेचाही फरक नाही.' आणि आत भिंतीवर तीन नियम टांगलेले. एक, बटणांकडे बघायचे नाही. दोन, टाइप केलेले परत वाचायचे नाही. वाचून बघतो तो कच्चा. तीन, आपली अक्कल घालायची नाही. समोर जे असेल ते जसेच्या तसे. या तिसऱ्या नियमापायी सरांच्या विद्यार्थ्यांनी तालुक्यातल्या कचेऱ्यांतून काय काय जसेच्या तसे टाइप केले आहे, ते कचेऱ्यांनाच ठाऊक. सरांना मात्र त्याचाही अभिमान.

तर लॅपटॉप चार दिवसांसाठी पेणला न्यायचा ठरला. फाटकावर गोविंदा नावाचा वॉचमन होता. हा माणूस कंपनीतून कागदाचा बोळासुद्धा पावतीशिवाय बाहेर जाऊ देत नसे. त्याने लॅपटॉप उघडला, टोपी मागे सारली आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक बटण मोजायला घेतले.

"अहो, हे काय करताय?" सर म्हणाले.

"मोजतोय. परत आणताना कमी भरलं तर कोण जबाबदार? मागं एकानं पंखा नेला तीन पात्यांचा, आणला दोन पात्यांचा." गोविंदाने दोनदा मोजून पावतीवर लिहिले : 'लॅपटॉप नग एक. बटणे नग पंच्याऐंशी.' सरांनी सही केली. बावीस वर्षे टायपिंग शिकवलेल्या माणसाला वॉचमन बटणे मोजून देतो म्हणजे काय! वडखळ येईपर्यंत सर एसटीत एकटेच धुमसत होते.

घरी आल्यावर सरांनी लॅपटॉप टाइपरायटरच्या टेबलावर ठेवला, बाह्या सावरल्या आणि प्रणिताने दिलेला मानपत्राचा मसुदा डावीकडे लावला. बायको सरूताई दारात उभी राहून बघत होती.

टाइपरायटरचे बटण कसे असते? दाबले की आत जाते, आत जाताना थोडे भांडते, मग खाडकन कागदावर उमटते. माणसाला केल्यासारखे वाटते. इथे बोट टेकवावे तर बटण लगेच लोटांगण घालून मोकळे. खोली नाही, आवाज नाही. ओळ संपली की घंटी वाजायला हवी, तीही नाही. मनगट टेकवायची जागा शेगडीसारखी तापते. आणि बटणे इतकी दाटीवाटीने की सरांच्या एका बोटाखाली दीड बटण येई. ज्याने कोणी हे बनवले, त्याने जन्मात एक अर्ज टाइप केला नसावा, असे सरांचे स्पष्ट मत झाले. त्यांनी ते मोठ्याने सांगितलेही.

आता टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हाताने कागद धरणारे कॅरेज ढकलायचे असते. बावीस वर्षांची सवय ती. पहिली ओळ संपली, सरांचा डावा हात आपसूक उठला आणि लॅपटॉपच्या पडद्याला सण्णकन थोबाडीत बसली. दुसरी ओळ संपली, दुसरी थोबाडीत. पाचव्या ओळीला पडद्याने मान टाकली. त्याला मागे पितळी तांब्याचा टेकू द्यावा लागला, आणि तेव्हापासून त्यावरची अक्षरे जमिनीवर उकिडवे बसून बघितली तरच दिसत. सरांनी ती बघितली नाहीत. दुसरा नियम.

"अहो, मारू नका हो त्याला," सरूताई म्हणाली. "लोकाचं हाय."

"मी मारत नाही. तोच मधे येतोय."

आवाज ऐकून शेजारच्या धोंडुबाई आल्या. त्यांचा पापडांचा उद्योग. सरांच्या अंगणातच त्या खाटेवर पापड वाळत घालीत. त्यांनी लॅपटॉपला सगळ्या बाजूंनी निरखले. "सर, मनगटाखाली उशी घ्या. मी लाटायला बसते तेव्हा गुडघ्याखाली घेते, तशी." आणि सर नको म्हणेपर्यंत सावरीच्या कापसाची उशी हजर. मनगटे वर आली, त्यामुळे बोटे उतरणीला लागली आणि 'ट'च्या जागी 'ठ' पडू लागला. मग समोरून पुंडलिक आला. हा गणपतीच्या मूर्ती करणारा. हात कायम पांढरे. तो म्हणाला, "उंचीच चुकली हाय. मूर्ती बसवताना आमी आधी पाट बघतो." म्हणून पाट आला. पाटामुळे लॅपटॉप सरांच्या छातीशी पोचला आणि सर पेटी वाजवणाऱ्या भजनीबुवासारखे दिसू लागले. सगळ्यांचे सल्ले सरांनी तुच्छतेने ऐकले आणि सगळे अमलात आणले.

खरी गोम पुढेच होती. मराठी टायपिंगमध्ये काना उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली असतो. ख, ण, ध, भ, श ही अक्षरेसुद्धा अर्धी मारून पुढे काना ठोकल्याशिवाय पुरी होत नाहीत. म्हणजे बघा, अख्खी मराठी भाषा त्या एका बटणावर उभी! सर विद्यार्थ्यांना नेहमी सांगत, "काना भित्र्यासारखा द्यायचा नाही. ठोकायचा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळे पहिल्यापासून टाइप करायला घेतले आणि मथळ्यातल्या 'माननीय' या शब्दातला काना तसाच ठोकला. टक्क असा आवाज झाला आणि बटण उडाले. खिडकीतून बाहेर गेले ते थेट धोंडुबाईंच्या पापडांत.

पापड होते चारशे. उडदाचे, वर काळ्या मिऱ्यांचे ठिपके. त्यात काळे बटण शोधायचे!

"एकेक पापड हलवून बघू," सर म्हणाले.

"हात लावायचा नाय!" धोंडुबाई खाटेच्या आडव्या आल्या. "ओले हायत. तुमचा काना गेला तर दुसरा येल, माजा पापड मोडला तर मोडला."

"धोंडुबाई, शनिवारी फाटकावर मोजून घेणार आहेत! पंच्याऐंशी सही करून आणलीत मी!"

"मग मला इचारून सही केलात काय?"

सर उन्हात अर्धा तास खाटेभोवती प्रदक्षिणा घालत होते. बटण काही दिसले नाही. बारा क्लार्क डोळ्यांसमोरून चालत समोरच्या कॉम्प्युटर सेंटरच्या पायऱ्या चढताना मात्र त्यांना स्पष्ट दिसले. शेवटी पुंडलिकाला दया आली. "सर, बोटभर तर वस्तू हाय. मी दोन बोटांचा उंदीर करतो, त्याचे कान वेगळे करतो. ह्याला काय लागतंय?" शेजारच्या बटणाचा त्याने मेणात ठसा घेतला, प्लॅस्टर ओतले, घासले, काळे रंगवले. दुपारी तो बटण घेऊन आला तेव्हा त्यावर सोनेरी रंगात एक सुबक उभी रेघ होती.

"हे काय?"

"तुमीच म्हणालात काना म्हणून. काना काढलाय. मुकुटाचा सोनेरी उरला व्हता."

बटण बसले, पण त्याचा स्वभाव देवाघरचा. ठोकले की बऱ्याचदा रुसे आणि काना गिळून टाकी. उलट बोट नुसते विसाव्याला टेकले की न मागता काना देई. टाइपरायटरवर बोटे टेकवूनच बसायची असतात. सरांचे मधले बोट तर बावीस वर्षे तिथेच विसावलेले. म्हणजे हवा तिथे काना नाही आणि नको तिथे हजर. सरांच्या बोटाला काहीतरी चुकल्यासारखे जाणवले. सरूताईने तर उकिडवे बसून पडदा बघितलाही. "अहो, हितं कायतरी निराळंच दिसतंय. एकदा वाचून बघा की."

"वाचून बघायला मी काय समोरच्या सेंटरमध्ये शिकलोय?" सर गरजले आणि लॅपटॉप मिटून टाकला. रोह्याला पोचल्यावर छापायच्या आधी प्रणितासमोर सहज नजर टाकू, असे त्यांनी मनात ठरवले होते. पण हे बायकोला सांगायचे म्हणजे कमीपणा.

शनिवारी सकाळी सर एसटीत बसले, कंडक्टरने घंटी दिली, तोच धोंडुबाई पदर खोचून धावत आल्या. "सर! घावला गो बाय तुमचा काना! पापडाच्या पोटात व्हता!" आणि खिडकीतून त्यांनी मूळचे बटण आत टाकले. त्याला पीठ चिकटलेले होते. सरांनी ते पुसून शर्टाच्या खिशात ठेवले. खाली बसवायची आकडी तुटलेली, त्यामुळे लावता येण्यातले ते नव्हतेच.

फाटकावर गोविंदाने पेन्सिल काढली. पंच्याऐंशी. पुन्हा मोजली. पंच्याऐंशी. सोनेरी रेघेच्या बटणापाशी थबकून त्याने त्याला बोट लावले आणि ते बोट कपाळाला टेकवले. "ह्ये देवाचं दिसतंय." सर सुटलो म्हणून निघाले, तर खिशातले बटण खाली पडले.

"ह्ये काय?"

"बटण."

"म्हणजे शहाऐंशी झाली की! एक जास्त कुठनं आलं?"

"अहो, जास्तच आहे ना? कमी तर नाही?"

"कमी असतं तर दंड असतो, मला म्हाईत हाय. जास्तीला काय करायचं ते लिहिलेलंच नाय." गोविंदाने बटण जप्त केले, स्टोअरला फोन लावला, स्टोअरने पर्चेसला लावला, पर्चेसचा माणूस जेवायला गेलेला. सर दीड तास फाटकावरच्या बाकड्यावर बसून होते. आत समारंभाची माणसे जमत होती. शेवटी प्रणिता धावत आली, लॅपटॉप हिसकावून घेऊन गेली, आणि मानपत्र छापून, चौकटीत घालून तयार झाल्यावरच गोविंदाने सरांना आत सोडले. वाचून बघणे राहिले ते राहिलेच; प्रणितालाही दुसरा नियम पाठ होता.

हॉल भरला होता. व्यासपीठावर हैबतरावसाहेब ताठ बसलेले. हा माणूस तीस वर्षे घड्याळ हातात धरून फाटकावर उभा राहायचा. दोन मिनिटे उशीर झाला तर अर्धा दिवस कापायचा, आणि बाप वारला म्हणून रजा मागितली तर कधी वारला ते विचारायचा. पुढच्या रांगेत त्यांची आई बसली होती, कोलाडहून आलेल्या सीताबाई. ऐंशीच्या पुढची म्हातारी, ऐकायला कमी. शेजारी नवे साहेब, गालातल्या गालात हसणारे.

प्रणिता मानपत्र घेऊन उभी राहिली. पहिलीच ओळ तिने डोळ्यांनी वाचली आणि सरांकडे बघितले. सरांनी मान हलवली, म्हणजे कर सुरू. ती बिचारी काय करणार? तिसरा नियम. आपली अक्कल घालायची नाही.

"गेली तीस वर्षे," तिने खणखणीत वाचले, "साहेबांनी या कंपनीत अखंड कम केले."

मागच्या रांगेत कोणीतरी खोकले.

"अडचणीच्या काळात त्यांनी कंपनीला वट दाखवली. साहेबांचे हे ताप कामगार जन्मभर विसरणार नाहीत."

वाट गेली होती आणि तपाला काना आला होता. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मोकल सरांना आता तोंडपाठ मसुदा आठवू लागला, आणि पुढे 'आज साहेब आपले पद सोडत आहेत' हे वाक्य आहे तेही आठवले. 'पद' या शब्दाला काना दिला की काय होते, ते वाचकांनी आपापल्या घरी देऊन बघावे; चारचौघांत आम्ही बोलणार नाही. प्रणिताने मात्र चारचौघांत वाचले. हॉल कोसळला. माणसे खुर्च्यांवरून घसरली. नवे साहेब रुमालात तोंड घालून बसले. हैबतरावांचा चेहरा विटेसारखा झाला.

"साहेबांची माय," प्रणिताने तसेच पुढे वाचले, "कामगारांना कधी कमी पडली नाही."

'माया'चा काना गेला होता. हसण्याचा पुन्हा एक लोट उठणार, तेवढ्यात पुढच्या रांगेतून म्हातारीचा मोठा आवाज आला. "माजं नाव घेतलंन काय गो?"

प्रणिताने कागदाकडे बघितले. "व्हय आजी."

सीताबाई उठल्या. वळून त्यांनी सगळ्या हॉलला हात जोडले. डोळे पुसत म्हणाल्या, "येवढ्या वर्सांनी याद ठेवलात रे पोरांनो."

कोणी हसले नाही. मागून जनू नावाचा एक जुना कामगार उभा राहिला. "खरं हाय ते. संपाच्या साली सव्वा महिना फाटकावर बसलो व्हतो आमी. साहेब आतून बघायचे पन नायत. ही माउली कोलाडवरनं टेम्पोत भाकऱ्या नि वालाची भाजी धाडायची. साहेबांना सांगू नका म्हणायची." मग टाळ्या वाजल्या त्या वेगळ्याच होत्या. हैबतराव आईकडे बघत राहिले. त्यांना हे ठाऊक नव्हते. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या हातात घड्याळ नव्हते.

समारंभ संपला तसे नवे साहेब सरांपाशी आले. "मोकल सर, कमाल केलीत! हे मुद्दाम केलंत ना? म्हणजे चुकून झालं असेल, तर बारा माणसं तुमच्याकडे पाठवायची कशी?"

सर उत्तर देणार तेवढ्यात मागे हैबतराव येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "माझ्या आईचं वाक्य तुम्ही मुद्दाम लिहिलंत?"

आता आली का पंचाईत! चुकून म्हणावे तर क्लास गेला, पाटी गेली, आणि म्हातारीचा आनंदही खोटा पडला. मुद्दाम म्हणावे तर ते वट, ते ताप आणि ते पद हेसुद्धा मुद्दाम झाले. घरी जाणाऱ्या माणसाच्या तोंडावर. सरांनी दोघांकडे आळीपाळीने बघितले.

"काना-मात्रेचाही फरक नाही, साहेब," ते म्हणाले.

"आणि तो ताप?"

"तोही."

हैबतराव म्हणाले, "असेल. आईचं मला माहीत नव्हतं. बाकीचं माहीत होतं." आणि आईचा हात धरून गाडीकडे गेले. नव्या साहेबांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. सोमवारपासून बारा जण ठरले. जे हवे होते ते सगळे मिळाले होते, आणि सरांना ते फाटकापर्यंत उचलून नेणेही जड जात होते. घरी जाणाऱ्या माणसाशी आपण खोटे बोललो आणि त्याने ते खरे मानून घेतले, ही गोष्ट त्यांना खरोखर लागली.

फाटकावर गोविंदा वाट बघतच होता. पर्चेसचा माणूस जेवून आला होता, निर्णय झाला होता. "जास्तीचं बटण घेऊन जायचं. पन रजिस्टरला नोंद पायजे. हितं कारण लिहा."

"कसलं कारण?"

"वस्तू आत कशी आली ते. मुद्दाम का चुकून. दोनातलं एक लिहा नि सही करा."

सरांनी पेन हातात घेतले. आजूबाजूला कोणी नव्हते. 'मुद्दाम' हा शब्द आत हॉलमध्ये पुरेसा वापरून झाला होता. त्यांनी खूप वेळ लावून, बावीस वर्षांत पहिल्यांदा, स्वतःच्या हाताने दुसरा शब्द लिहिला, खाली सही केली, बटण खिशात टाकले आणि स्टँडच्या दिशेने चालू लागले.

गोविंदाने रजिस्टर डोळ्यांजवळ धरले. रकान्यात लिहिले होते : 'चूकुन.'